माहेरची वाटी, चौदा कॅरट

चीनशी लढाई झाली त्या हिवाळ्यात सातारच्या चौकात संरक्षण निधीची सभा होती. जिल्ह्यातले एक पुढारी बोलायला उभे होते. माझा धाकटा भाऊ तेव्हा नेफाच्या बाजूला पलटणीत होता आणि कित्येक दिवस त्याचं पत्र नव्हतं. भाषण संपायच्या आतच माझी बायको उठली. तिच्या पाटल्या साबण लावल्याशिवाय निघत नसत. तिथे साबण कुठला? तिने त्या तशाच पिळून ओढून काढल्या आणि ताटात ठेवल्या. मनगटाची साल निघाली होती. पुढाऱ्यांनी ताट उंच धरून सगळ्यांना दाखवलं, टाळ्या झाल्या.

पावतीवर वजन गुंजभर कमी लिहिलं होतं. मी रांगेत परत उभा राहिलो आणि ते दुरुस्त करून घेतलं. मागचे लोक हसले. मी एका संस्थेत हिशेबनीस होतो आणि दिलेली वस्तू जेवढी होती तेवढीच कागदावर असावी, असं मला तेव्हाही वाटे, आताही वाटतं. भाऊ पुढे सुखरूप परत आला. त्या पाटल्यांचं दुःख आम्हा दोघांनाही कधी झालं नाही. दुःख सुरू झालं ते जानेवारीत.

जानेवारीत सरकारने सोन्याचा कायदा आणला. चौदा कॅरटच्या वर नवा दागिना कुणी घडवायचा नाही. जुने दागिने ज्याच्या अंगावर आहेत त्याने खुशाल ठेवावेत, पण नवं काही करायचं तर त्यात चोविसातले दहा भाग दुसरा धातू असलाच पाहिजे. लोकांचा सोन्याचा सोस कमी व्हावा, चोरटी आयात थांबावी, हा हेतू. मला हेतू पटला होता. मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, तरीही पटला होता.

मुलगी विट्याला द्यायची होती. विट्याच्या बाजूची पुष्कळ माणसं सोनं गाळायच्या धंद्यात आहेत. दूरदूरच्या शहरांत त्यांची दुकानं असतात, आणि जुन्या दागिन्यातली भेसळ जाळून चोख सोनं बाजूला काढणं हेच त्यांचं काम. माझे व्याही त्यांतलेच. घर मोठं, माणसं रोखठोक. त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. "पोरगी द्या, आनि रितीपरमानं तुमची वाटी द्या," एवढंच म्हणाले होते.

आमच्याकडे मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, एक सासरची आणि एक माहेरची. माहेरची वाटी बापाने नवी करून द्यायची. आईच्या गळ्यातली देता येत नाही, सवाष्णीच्या गळ्यातून ती निघत नाही. घरात सोनं म्हणावं तर पाटल्या गेल्यावर माझ्या आईची एक पुतळी, सोन्याचं जुनं नाणं, उरली होती. ती मोडून वाटी करायची, हे मुलगी लहान असल्यापासून ठरलेलं होतं.

पुतळी घेऊन मी आमच्या बोळातल्या सोनाराकडे गेलो. आमच्या घरातला प्रत्येक दागिना त्याच्या हातचा. दुकानाचं दार अर्धं लावलेलं होतं आणि तो ऐरणीपुढे नुसता बसला होता.

"या हिशेबनीस," तो म्हणाला. "वाटी ना? ठेवून जा. परवा अंधार पडल्यावर परड्याच्या दारानं या. कुनी इचारलं तर कायद्याच्या आधीची हाय म्हनायचं."

"आधीची कशी? पुतळी तर आज दिली."

"आवं, गावात समदंच आधीचं चाललंय! काल एक गोफ दिला, त्योबी आधीचा."

हे खोटं नव्हतं. त्या वर्षी साताऱ्यात जे जे नवं घडलं, ते सगळं जानेवारीच्या आधीचं होतं. पण मी म्हणालो, "मला कायद्याप्रमाणे करून दे. चौदाची."

त्याने पुतळी तळहातावर घेतली. "हिशेबनीस, पोरगी कुठं देताय?"

"विट्याला."

"गलाईवाल्यांच्यात? आनि चौदाची?" तो हसला नाही. "तुमच्या आईची पुतळी हाय ही. माज्या बापानं बघितली असती तर मला दुकानातनं हाकलला असता."

मी हटलो नाही. घरी येऊन हिशेब केला. तोळाभर चोख सोनं चौदा कॅरटवर आणायचं तर त्यात साडेआठ मासे तांबं-चांदी घालावी लागते. म्हणजे कालपर्यंत जी भेसळ सोनाराने आपल्या मनाने केली असती तर तो तुरुंगात गेला असता, तीच भेसळ आज केली नाही तर तो तुरुंगात जाणार होता. हे मी बायकोला सांगितलं. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"अहो, तुमचा हिशेब बरोबर असेल," ती म्हणाली. "पण ती माणसं सोनं डोळ्यांनी ओळखतात. त्यांच्या दारात तांब्याची वाटी घेऊन उभं राहायचं?"

"कायदा त्यांनाही तोच आहे."

"मग त्यांची वाटी बघू या कशी असते ती," ती म्हणाली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

सोनाराच्या हाताला मऊ सोन्याची सवय. चौदाचा पत्रा ठशावर ठोकताना पहिल्यांदा कडेला चिरला, दुसऱ्यांदा मधोमध. शेवटी जी वाटी झाली ती दिसायला घाटदार होती, पण तिचा रंग घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखा होता. ती माझ्या हातात देताना तो म्हणाला, "ही मी केली म्हनून कुनाला सांगू नका." बाकीच्या गिऱ्हाइकांना तो उलट कारणासाठी असंच सांगत होता.

लग्न विट्याला, व्याह्यांच्या दारात होतं. सकाळी माजघरात बायका मंगळसूत्र ओवायला बसल्या. नवऱ्यामुलाची आत्या, घरातली सगळ्यांत वडीलधारी बाई, हिने दोन्ही वाट्या पाटावर शेजारी शेजारी ठेवल्या. सासरची हळदीसारखी पिवळी. तीही अर्थात कायद्याच्या आधीचीच. आमची शेजारी लालसर, कडक. दाराशी उभ्या असलेल्या मलाही तो फरक दिसला.

आत्याने माझ्या व्याह्यांना हाक मारली. त्यांनी वाटी उचलली, बोटाने चोळली, उजेडाकडे धरली. कसोटीचा दगड त्यांनी मागितला नाही.

"इव्हाई, ह्यो रंग कसला वो?"

"चौदा कॅरट. कायद्याप्रमाणे."

"कायद्यापरमानं!" ते म्हणाले. "आवं, ह्या कायद्यानं आमच्या दुकानाला कुलूप लागाय आलंय. भट्टी थंड पडलीया, गडी गावाकडं पाठवलं. आनि तुमी त्योच कायदा वाटीत घालून माज्या दारात आनला व्हय?"

"दुसरं काही करणं म्हणजे चोरी झाली असती."

"म्हंजी आमी चोर!"

"असं मी म्हटलं नाही."

"म्हटलं न्हाई, पर आनून दावलं की!"

आत्याने वाटी पाटावरून उचलून बाजूला सरकवली. "ही वाटी सूत्रात ओवायची न्हाई," ती म्हणाली. "आपली एकटीच बांधूया. माहेरची नसली तर न्हाई."

माझी मुलगी पलीकडे हळदीच्या साडीत बसली होती. तिने मान वर केली नाही. एकाच वाटीचं मंगळसूत्र म्हणजे काय, हे तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. माहेर नसलेली मुलगी. उद्या सण आला, आजारपण आलं, भांडण झालं, तर हिच्यामागे कुणी नाही, असं गळ्यात बांधून फिरायचं. बायकोने माझ्याकडे बघितलं. तिच्या मनगटावर पाटल्यांच्या जागी त्या दिवशी काचेच्या बांगड्या होत्या.

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली. चौकातल्या सभेत बोललेले तेच पुढारी लग्नाला आले होते. व्याह्यांच्या घराचे आणि त्यांचे जुने संबंध. मला वाटलं, हाच माणूस आपली बाजू सांगू शकेल. मी त्यांना मांडवाच्या कडेला गाठलं आणि सगळं सांगितलं. पाटल्यांची आठवणही दिली.

ते ऐकता ऐकता हसायला लागले. "तुम्ही खरंच चौदाची केलीत?"

"तुम्हीच गावोगाव सांगत होता ना?"

"अहो, आम्हाला सांगावंच लागतं. वरून जे येतं ते आम्ही खाली सांगतो. पण घरचं कार्य आहे, मुलीचा प्रश्न आहे, माणसाने थोडं बघून करावं." त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. गळ्यात गोफ होता, नवाकोरा, पिवळाधमक. बोळातल्या सोनाराचा 'आधीचा' गोफ कुणाकडे गेला ते मला कळलं. "बघतो मी," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "काळजी करू नका."

आणि त्यांनी बघितलं. आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी, लग्नाला आलेल्या पुढाऱ्यांनी वधूवरांना आशीर्वाद म्हणून चार शब्द बोलायची रीत आहे. त्यांनी कर्णा हातात घेतला.

"आज या मांडवात मला एक आदर्श पाहायला मिळतो आहे," ते म्हणाले. "या वधूपित्याने आपल्या लाडक्या लेकीला चौदा कॅरटची वाटी दिली आहे! सोन्याचा मोह सोडून त्यांनी देशाला साथ दिली. असे बाप घरोघरी निपजले पाहिजेत!"

मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "म्हंजी तांब्याची हाय म्हना की, गड्या!" आणि सगळा मांडव हसला. पोरं हसली, वाजंत्रीवाले हसले. जे माजघरातल्या सात-आठ बायकांना ठाऊक होतं ते कर्ण्यातून अर्ध्या विट्याला कळलं. मुलगी बाशिंग बांधून पाटावर उभी होती.

वाटी सूत्रात ओवली गेली. पुढाऱ्यांनी चारचौघांत तिची स्तुती केल्यावर ती बाजूला ठेवणं व्याह्यांना शक्य नव्हतं. जे मला हवं होतं ते झालं. पुढारी जेवून, विडा खाऊन गेले. जाताना म्हणाले, "बघा, केलं ना काम?"

त्या घरात तीन सुना आहेत. माझ्या मुलीचं नाव तिथे कुणी घेत नसे. "चौदावालीला सांगा दूध बघाय," "चौदावाली कुठं गेली रं?" असं. त्यात दुष्टावा होता असं म्हणवत नाही. त्यांचं दुकान बंद पडायला आलं होतं, दिल्लीतलं कुणी त्यांच्या हाती लागत नव्हतं, आणि कायद्याचा एक तुकडा त्यांच्याच घरात रोज भांडी घासत होता.

तिला मी पहिल्यांदा दिवाळीला माहेरी आणलं तेव्हा बघितलं. उंबऱ्यातून आत येताना, कुणी समोर आलं की, तिचा हात आपोआप पदर गळ्याशी ओढून घेई. आपल्याच घरात, आपल्या आईसमोरसुद्धा.

त्याच सुमारास नियम थोडे सैल झाले. जुना दागिना मोडून त्याच कसाचा नवा करायची मुभा मिळाली. म्हणजे आईच्या पुतळीची चोख वाटी आता उजळ माथ्याने करता आली असती. पण पुतळी राहिली नव्हती. जी वाटी होती ती जन्मानेच चौदाची, तिला ही मुभा लागू नव्हती. मी दोन ठिकाणी विचारून खात्री करून घेतली. लग्न त्या दिवाळीनंतर असतं तर काहीच झालं नसतं.

सहासष्ट साली चौदा कॅरटचं बंधनच उठलं. का आणलं होतं आणि का उठवलं, याचा हिशेब कुणी दिला नाही. लोकांचा सोस कमी झाला का? चोरटं सोनं थांबलं का? चौकात पुन्हा सभा झाली ती साखरेच्या भावाबद्दल. पुढारी तेच.

व्याही त्या वर्षी गावी आले होते तेव्हा मी विट्याला गेलो. त्यांनी स्वतःच सुनेला म्हटलं, "आन गं ती वाटी हिकडं." परड्यात लहानशी मूस लावून त्यांनी तिच्यातलं तांबं जाळून काढलं आणि उरलेला सोन्याचा मणी माझ्या हातावर ठेवला.

"इव्हाई, तुमच्या आईचं सोनं लय चोख होतं," ते म्हणाले. "तवाच दिसलं हुतं मला. असल्या सोन्यात तांबं घातलं, त्याचाच राग आला."

ती वाटी आमच्या सोनाराकडूनच करून घ्यावी असं मला वाटलं. पण बोळातलं दुकान केव्हाच बंद झालं होतं. तो सांगलीला गेल्याचं कळलं, म्हणून मी सांगलीला गेलो. तो एका हळदीच्या वखारीत पोती शिवत होता. हात कोपरापर्यंत पिवळे.

मी मणी दाखवला. त्याने तो चिमटीत धरून वजन केल्यासारखा वरखाली केला आणि परत दिला.

"ऐरण इकली, ठसं इकलं," तो म्हणाला. "आनि फुंकनी फुंकायची तर छातीत दम पायजे. हितल्या धुळीनं त्यो गेला. सरकारनं कर्ज देतो म्हनलं हुतं, दुसरा धंदा करा म्हनलं. ह्यो बघा केला." मग त्याने विचारलं, "ती कडक वाटी काय केली?"

"मोडली."

"बरं केलं," तो म्हणाला आणि सुईत सुतळी ओवायला लागला.

वाटी सांगलीतल्याच दुसऱ्या एका सोनाराने करून दिली. चोख, मऊ, पिवळी, पहिलीपेक्षा लहान. आता दोन्ही वाट्या एका रंगाच्या दिसतात. विट्याला घरात तिला आता नावाने हाक मारतात, निदान माझ्यासमोर तरी.

गेल्या महिन्यात ती आली होती. मी ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो. आमच्या शेजारीण बाई समोरून आल्या, "कधी आलीस गं?" म्हणाल्या. मुलगी हसून बोलली, आणि बोलता बोलता तिचा हात वर गेला आणि तिने पदर गळ्याशी ओढून घेतला. बायकोने ते बघितलं आणि आत निघून गेली.