दुसऱ्या गिअरवर

खरातमामा आमच्या घरात कधीच बसले नाहीत. बदनापुरात तीस वर्षं शेजारी राहिले, सणावाराला जेवायलाही आले, पण ताट हातात घेऊन दारात उभ्यानेच जेवले. चहा तर गाडीवरूनच. एक पाय जमिनीवर, इंजिन चालू. आई म्हणायची, "भाऊ, बंद करा की ती गाडी. कपबशी थरथरू राह्यली." मामा एका दमात चहा संपवायचे आणि कप तिच्या हातात द्यायचे. "घ्या ताई, आता न्हाई थरथरायची." तोवर गाडी कोपऱ्यावर गेलेली असायची.

मामा नात्याने आमचे कोणी नव्हते. कृषी संशोधन केंद्रात मदतनीस होते, तुरीचे वाफे सांभाळायचे. सुटी झाली की गावोगाव जुन्या मोटरसायकली शोधत फिरायचे. एक राजदूत त्यांना कडब्याच्या गंजीखाली सापडली. दुसऱ्या एका गाडीच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक तिला उठवायला निघाला तर मामाच आडवे आले. "पिल्लं निघू द्या, मंग नेतो." मग पिल्लं निघेपर्यंत रोज संध्याकाळी त्या गावाला चक्कर. मामी म्हणायच्या, "माझ्या बाळंतपणात एवढ्या खेपा न्हाई मारल्या."

गाडी खोलली की तिचा प्रत्येक नट रॉकेलच्या ताटलीत पडायचा आणि पुन्हा त्याच जागी बसायचा. नवा भाग घालणं त्यांना आवडत नसे. "जशी आल्ती तशी झाली पाह्यजे. आपण दुरुस्त करून राह्यलो, बदलून न्हाई." गाडी तयार झाली की दोन दिवस खूश. तिसऱ्या दिवशी बेचैन. "आवाजात कायतरी कमी हाय. जरा बघून येतो," म्हणून जे निघायचे ते थेट शहागडच्या पुलापर्यंत. तिथे गोदावरीकडे बघायचं सोडून इंजिनाला कान लावायचे आणि परत फिरायचे. असं करत पुष्कळ गाड्या त्यांनी उभ्या केल्या आणि ज्यांच्या त्यांना देऊन टाकल्या. स्वतःची म्हणून एकच ठेवली, जुनी बुलेट. तिचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या.

माझे वडील जालन्याच्या मोंढ्यात हमाल. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मामांनीच मला जालन्याला नेलं. खिडकीपाशी पोहोचल्यावर कळलं, दाखल्याची मूळ प्रत घरीच राहिली आहे. मी रडकुंडीला आलो. मामा उलट खुलले. "रडतो काऊन? मला तर आणखी एका खेपेचा बहाणा भेटला." खिडकी बंद व्हायच्या आत ते दाखला घेऊन परत आले. आज मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्या खेपेचं ऋण मला शब्दांत सांगता येत नाही.

गाडीही मी त्यांच्याच बुलेटवर शिकलो. त्याचा परिणाम जुन्या जालन्यात दिसला. मित्राची नवी गाडी घेऊन कापडाच्या गल्लीतून चाललो होतो. समोर हातगाडी आली, मी सवयीने डावा पाय दाबला. त्या गाडीचा डाव्या बाजूला गिअर होता. दुकानदार ओरडला, "अरे, ब्रेक मार!" मी ओरडलो, "मारूनच राह्यलो!" आणि गाडीसकट त्याच्या गठ्ठ्यांत शिरलो. मामांना बोलावणं गेलं. ते येऊन शांतपणे म्हणाले, "पोराची चूक न्हाई शेठ. त्या गाडीचे पाय उलटे हायेत."

नोकरीतून सुटल्यावर मामांची साखर वाढली. उजव्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि डॉक्टरांना पाचही बोटं काढावी लागली. मामा महिनाभर खाटेवर होते. खाटेवर म्हणजे तिच्या कडेला. पाय सारखा हलता, नजर दाराबाहेरच्या बुलेटवर. पाय बरा झाल्यावर बुटाच्या टोकात चिंध्या भरून ते गाडीवर बसले. टाचेने किक मारली, गाडी चालू झाली. पण त्या गाडीचा पहिला गिअर बोटांनी वर उचलावा लागतो. बूट नुसताच वाकला. पुन्हा उचलला, पुन्हा वाकला. मामांनी गाडी बंद केली आणि आत गेले.

मामी माझ्याकडे आल्या. "मास्तर, तू शिकलेला हायस. तूच समजाव. अन्न गोड लागंना झालंय त्यांना."

मी चौकशी करून गेलो. म्हणालो, "मामा, एक जोडदांडी बसवून गिअर डावीकडे घेता येतो. बरेच जण घेतात."

मामा कधी नव्हे ते माझ्यावर चिडले. "माझा पाय कापला म्हणून तिचा बी कापायचा? जशी हाय तशी राह्यली पाह्यजे ती. बिलकुल हात लावायचा न्हाई."

"मग चालवणार कशी?"

मामा बुटातल्या चिंध्या काढून पुन्हा भरायला लागले.

पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी मामांच्या अंगणातून आवाज आला. इंजिन सुरू होई, गुरगुरे, गचका खाऊन बंद पडे. पुन्हा सुरू. मी धावत गेलो. मामा घामाघूम. मला बघून ओरडले, "मास्तर, न्यूट्रलच्या वर काय हाय?"

"पहिला."

"अन् खाली?"

"दुसरा."

"दाबायला बोटं लागतात का?"

मी बघतच राहिलो. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे खाली दाबायचे, ते तळव्याने जमत होतं. टाचेजवळच्या छोट्या दांडीवर पाय दिला की गाडी थेट न्यूट्रलला येत होती. अडत होता तो एकटा पहिला. मामांनी तो सोडूनच दिला होता. दुसऱ्यावरून जड गाडी उचलायची म्हणजे क्लच सुतासुताने सोडावा लागतो, त्यात त्याच्या प्लेटा घासतात. पुढच्या वेळी त्यांनी तसाच सोडला. गाडी थरथरली, कण्हली आणि फाटकातून बाहेर पडली.

मामी पायरीवर, मी फाटकाशी. तास झाला, दोन झाले. त्यांचा फोन घरातच वाजत होता. मामी तीनदा उठून रस्त्यापर्यंत जाऊन आल्या. उन्हं उतरताना ते आले. "कुठं गेल्ता?" मामींनी विचारलं. "रस्ता सापडंल तिकडं," म्हणाले आणि पुन्हा गाडी वळवायला लागले. मामींनी हँडलच धरलं.

असे ते चार वर्षं हिंडले. गेले ते झोपेत, हृदयविकाराने. मामींनी बुलेट माझ्या अंगणात आणून लावायला सांगितली. गाडी उचलत नव्हती, म्हणून मी बाजूचं झाकण खोललं. मामी शेजारी उकिडव्या बसल्या होत्या.

"काय निघालं?"

"क्लचच्या प्लेटा जळाल्यात मामी. पार काळ्या झाल्यात."

"अन् बाकी गाडी?"

मी हात पुसून पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"बाकी जशी होती तशी आहे."