शीतलला मी काय म्हणालो

ते वाक्य माझं होतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालून मला मोकळं होता येणार नाही, म्हणून आधीच सांगतो.

बारामतीत आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवतो. त्या दिवशी सराव परीक्षेचा निकाल लागला होता. मुलं एकेक करून विचारत होती, सर, माझा चान्स किती? मी फळ्यापाशी उभा राहून ज्योतिष्यासारखा सांगत होतो. कुणाला आयआयटी, कुणाला पुण्यातलं खासगी कॉलेज.

मग शीतल उठली. इंदापूरहून रोज एसटीनं येणारी मुलगी. मार्कांत वर्गात दुसरी.

"सर, माझा?"

"तुला कसली काळजी?" मी म्हणालो. "तुझं निम्म्या मार्कांतही होऊन जाईल. जातीचा दाखला आहे ना!"

वर्ग हसला. पहिल्या बाकावरून एका साखर कारखान्याच्या संचालकाचा मुलगा ओरडला, "मग आमी कशाला घासतोय, सर? आमालाबी काढून द्या की असला दाखला!"

पुन्हा हशा. मीही हसलो. शीतलनं निकालाचा कागद दुमडला. मग बसली. त्यानंतर तिनं वर्गात एकही प्रश्न विचारला नाही.

माझा बाप इंदापूरच्या बाजारात चपला शिवायचा. शीतलची जात तीच माझी जात. इंजिनिअरिंगला मी राखीव जागेवर गेलो. हॉस्टेलच्या मेसमध्ये एकानं माझ्या ताटाकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "खा, खा. तुला सगळं फुकटच असतं." सगळे हसले. मला ताट उचलून निघून जाता आलं असतं. मी हसलो. आणि जेवलो.

नोकरी लागल्यावर आडनाव बदललं. गावावरून लावलं. बारामतीत कुणी जात विचारली नाही, मी सांगितली नाही. स्टाफरूममध्ये राखीव जागांवरून विनोद झाला की सगळ्यांत आधी मी हसायचो. उशीर झाला तर कुणाला संशय येईल, अशी धास्ती. त्या दिवशी तर विनोदच मी केला.

पुढं काही दिवसांनी शीतलचे वडील क्लासवर आले. रिक्षा चालवतात. दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात.

"सर, पोरगी आयकंना. परीक्षेच्या फारममधी तिनं ओपन भरलंय. दाखल्यापायी म्या तहसीलला किती हेलपाटं घातलं, अन् ही म्हणती मला नगं."

"का?"

"तुमाला ठावं आसंल की." त्यांनी नजर खाली केली. "म्हणती, सर म्हणलं तसं जल्मभर कुणी म्हणाय नगं."

फॉर्म दुरुस्त करायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ओपनमधून शीतल काठावर होती. दाखला लावला तर तिला हवी ती शाखा मिळण्यासारखी होती. हे मला पक्कं माहीत होतं, माझं कामच ते आहे.

संध्याकाळी इंदापूरला तिच्या घरी गेलो. तिच्या आईनं चहा ठेवला. मी शीतलला म्हणालो, "मीही त्याच दाखल्यावर शिकलो. आपली जात एकच आहे."

आई कपबशी हातात घेऊन तशीच थांबली. शीतलनं माझ्याकडं बघितलं.

"मग हसलात कशाला, सर?"

"भीती वाटली," मी म्हणालो. "चुकलो. मला माफ कर."

"हितं कुणाला ऐकू जातंय? बोललात वर्गात. माफी आमच्या घरात, चहा पीत."

"अगं, सर हायती ते!" आई म्हणाली.

"व्हय, म्हणूनच बोलते." मग ती माझ्याकडं वळली. "मी ओपन भरलं म्हणजे मीबी तुमच्यासारखीच लपले की. मला न्हाय तसं व्हायचं. उद्या दाखला लावते. तुमी मात्र वर्गातच सांगा."

परत येताना शरमेनं अंग जळत होतं. मेसमधल्या त्या मुलानं माझा अपमान एकदा केला. पुढं इतकी वर्षं माझ्या बापाचा अपमान रोज मी केला, हसून. हे मला एका सतरा वर्षांच्या मुलीनं दाखवावं लागलं.

सकाळी क्लासच्या मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "कशाला उकरून काढताय, सर? पालक काय म्हणतील?"

"चांभार म्हणतील," मी म्हणालो. "आहेच मी."

वर्गात गेलो. खडू उचलला नाही.

"मी चांभार आहे. राखीव जागेवर शिकून इंजिनिअर झालो आणि इतकी वर्षं तुमच्यापासून लपवलं. ती जागा माझा हक्क होती. यापुढं इथं कुणाला त्यावर हसायचं असेल, तर त्यानं माझ्याकडं बघून हसायचं."

मागं कुणीतरी कुजबुजलं. मी थांबलो नाही.

"शीतल, तुझे मार्क तुझे आहेत आणि दाखलाही तुझा आहे. मी या सगळ्यांदेखत तुझा अपमान केला, स्वतःला झाकायला केला. या सगळ्यांदेखत तुझी माफी मागतो."