निवडून आले तं?
सरकीचा तेलकट वास आला की मला राळेगावची आमची कापसाची जिनिंग मिल आठवते. त्या सकाळी बाबा आमदारकीच्या निवडणुकीचा अर्ज भरायला निघाले होते. बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि ते ऑफिसात बसत, उठत, फोन उचलत, पुन्हा खिडकीतून कापसाच्या ढिगाकडे बघत. शेवटी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा आईच्या हातात दिला. "आता जिनिंग तूच पाह्य." आईनं विचारलं, "हारले तं?" "हारलो तं येईन ना परत." "आन निवडून आले तं?" बाबा नवा कुडता सारखा करत गाडीत जाऊन बसले. ते निवडून आले आणि हळूहळू मुंबईचेच झाले. आजही जिनिंगच्या गेटपाशी गाडी थांबली, की आई बोलता बोलता उठून खिडकीतून बघते.