बिजलीकुमारचा पट्टा

सुनंदाबाई निकुंभनं जन्मभर बँडवाल्यांचे कोट शिवले. लग्नसराई आली की धुळ्यातल्या तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. लाल कोट, पिवळ्या झालरी, खांद्यावरचे जरीचे झुपके. नवरा तोताराम त्यातलाच एक कोट घालून वरातीपुढे क्लॅरिनेट वाजवायचा. शिवण उसवली तर चार वऱ्हाडी हसतील, याहून मोठं संकट त्या धंद्यात नव्हतं. शिवणीची भीती म्हणजे काय, हे तिला चाळिशी उलटल्यावर धरणगावात कळलं.

अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना होता. टीव्हीसाठी मालिका काढणारी मुंबईची मंडळी धरणगावात कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यात उतरली होती. मालिकेचं नाव ‘बिजलीकुमार’. दिवसा वीज मंडळाचे मीटर वाचणारा भोळा कारकून, आणि गावावर संकट आलं की निळ्या कपड्यांतला उडणारा वीर. जिनिंगची मोठी शेड म्हणजे दुष्ट शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा. तिथल्या बाटल्यांमध्ये रंगपंचमीचा रंग आणि सोडा उकळ्या मारायचा, रॉकेट तेलाचे डबे ठोकून बनवलेलं होतं, आणि धूर हवा असला की कोणीतरी घमेल्यात राळ टाकायचं. नायकाचा मुंबईहून शिवून आणलेला नायलॉनचा पोशाख खानदेशच्या उन्हात घामानं चिकटला आणि पहिल्याच मारामारीत दोन्ही काखांत फाटला. धुळ्यात बँडचे कपडे शिवणारी एक बाई आहे, असं कोणीतरी सुचवलं. सुनंदाबाई एसटीच्या टपावर मशीन टाकून आली आणि धरणगावातच राहणाऱ्या थोरल्या नणंदेकडे, भिकुबाईकडे उतरली.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. बिजलीकुमारची छाती रुंद दिसावी म्हणून तिनं पोशाखाच्या आत कापूस भरला. खुर्चीच्या गादीतून त्याला दंड करून दिले. नायक जयदीप दिल्लीकडचा, देखणा, अबोल मुलगा. तिला ‘माँजी’ म्हणायचा आणि टाचण्या टोचल्या तरी हू की चू करायचा नाही.

मग एके दिवशी रुपचंद तिच्याकडे खाटेची नवार घेऊन आला. हा रुपचंद फिरत्या सर्कशीत झुल्यांचं काम केलेला माणूस. मालिकेत नायकाला तारेनं वर ओढायचं काम त्याच्याकडे होतं. मुंबईचा कातडी पट्टा घामानं तडकला होता.

“बाई, ह्याचा पट्टा करा. दुहेरी, तिहेरी, कसाही करा, पण ह्या लोखंडी कड्या पक्क्या बसल्या पाहिजेत. माणूस ह्याच्यावर लटकणार.”

“नुसता ह्याच्यावर?”

“मग कशावर? तार कडीला, कडी पट्ट्याला, पट्टा माणसाला.”

सुनंदाबाईच्या हातातली नवार एकदम जड झाली. मशीनची सुई त्या जाड थरांत मोडली, तेव्हा तिनं दाभण घेतलं, दोऱ्याला मेण लावलं आणि पट्टा हातानं शिवला. प्रत्येक टाका ओढून बघितला. तरी मन घट्ट होईना. कोटाचा टाका चुकला की उसवून पुन्हा घालता येतो. इथे टाका चुकला तर खाली फरशी होती.

पहिल्या दिवशी जयदीपला वर घेतलं, तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी होती. शेडच्या आढ्यातल्या एका लाकडी तुळईला कप्पी बांधली होती. तार कप्पीतून खाली आली होती आणि तिचं दुसरं टोक चार हमालांनी धरलं होतं. हमालांनी ओढलं. बिजलीकुमार हात पुढे करून वर गेला. मोठा पंखा घरघरत होता, त्याच्या वाऱ्यावर पाठीवरचं निळं उपरणं उडत होतं, जुन्या कापसाचे पुंजके हवेत तरंगत होते. आणि त्या घरघरीतून सुनंदाबाईला एक बारीक आवाज आला. कर्रर्र.

जयदीप खाली आला तशी ती धावत गेली आणि तिनं पट्टा उलटासुलटा करून पाहिला. एकही टाका सुटलेला नव्हता.

“आवाज आला,” ती म्हणाली.

“पंख्याचा,” रुपचंद म्हणाला. “सरकीचं पोतं लटकवून बघितलंय मी. कशाला घोर लावून घेता?”

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आवाज आला, आणि तिसऱ्या दिवशीही. तिनं सगळी शिवण उसवली आणि नवा दोरा घेऊन पट्टा पहिल्यापासून शिवला. आवाज येतच राहिला. टाके वरून साबूत दिसतात आणि आतल्या थरात दोरा कापला जात असेल, असं तिच्या मनानं घेतलं. जेवणावरची वासना उडाली. भाकरी हातात धरून ती बोटांकडे बघत बसायची.

“काय व्हयनं व तुले?” भिकुबाईनं एकदा विचारलं. “दोन घास खाई ले.”

“अक्का, मना हातनं माणूस मरी,” सुनंदाबाई म्हणाली. भिकुबाईला वाटलं, हिला ऊन लागलं. तिनं कांदा ठेचून तिच्या तळपायांना चोळला.

शेवटी मोठ्या उड्डाणाचा दिवस आला. शेडच्या एका टोकाच्या माचावरून बिजलीकुमार निघणार, कापसाच्या गाठी बांधायच्या जुन्या लोखंडी प्रेसवरून झोका घेऊन पलीकडे जाणार आणि दुष्ट शास्त्रज्ञाला लाथ घालणार. पोशाखाची गुंडी लावायला सुनंदाबाई जयदीपला शोधत गेली, तर तो रिकाम्या पोत्यांच्या ढिगामागे उकिडवा बसला होता. नुकतीच उलटी झालेली दिसत होती.

“रोज होतं,” तो हिंदीत म्हणाला. “कोणाला सांगू नका. काम जाईल.” मग त्यानं मान वर केली. “माँजी, हा पट्टा तुटणार नाही ना?”

नाही म्हणणं सोपं होतं. त्या पोरालाही तेवढंच हवं होतं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

सुनंदाबाईला त्याच्या डोळ्यांत आपलीच भीती दिसली, आणि आपण आता काय करणार आहोत हे तिला बोलायच्या आधी कळलं. ती तशीच दिग्दर्शकापुढे जाऊन उभी राहिली.

“आधी मला वर घ्या.”

दिग्दर्शक हसला. “बाई, तुम्ही?”

“पट्टा मी शिवला. झोकाही मीच घेऊन बघते. माझं वजन कमी पडेल, तर कमरेला अर्धं पोतं सरकी बांधा.”

दिग्दर्शक नको म्हणाला, उन्हं कलतील म्हणाला, चिडलाही. पण मागून जयदीप आला आणि म्हणाला, “यांना वर घेतल्याशिवाय मी चढणार नाही.” तेव्हा इलाज उरला नाही.

नऊवारीच्या काष्ट्यावरून तिनं पट्टा आवळला. ती माचावर चढली. रुपचंदनं सरकीचं पोतं बांधलं, तार कडीला लावली आणि म्हणाला, “डोळे मिटा.” तिनं मिटले नाहीत. मिटले असते तर आवाज कुठून येतो ते कळलं नसतं. पंखा तिनं बंद करायला लावला होता. शेडमध्ये इतकी शांतता होती की बाहेर रस्त्यावर घासलेटवाल्याची हाळी ऐकू येत होती.

पायाखालची फळी गेली. पट्टा बरगड्यांत रुतला. एवढ्या भीतीतही तिला जाणवलं की तो धरून आहे, एकही टाका हललेला नाही. ती प्रेसवरून पलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. झोका मंदावला आणि ती बरोबर प्रेसच्या वर लटकत राहिली. खाली जंग चढलेला लोखंडी दांडा उभा होता.

कर्रर्र.

आवाज पट्ट्यात नव्हता. डोक्यावर होता. तिनं मान वर केली आणि तिच्या ओठांवर काहीतरी बारीक पडलं. तिला वाटलं कापूस. जिभेला लाकडाचा भुसा लागला. कप्पीजवळ तुळईला बोटभर भेग पडली होती, आणि तिच्या वजनानं ती भेग तोंड उघडत होती, मिटत होती.

ओरडलं तर हमाल दचकतील आणि तारेला हिसका बसेल, एवढं तिला सुचलं. खाली माणसं माना वर करून उभी होती. कोणीतरी म्हणालं, “झालं का समाधान?” भुसा डोळ्यांत पडत होता आणि तो पुसायला हात उचलायचंही तिला भय वाटत होतं.

“रुपचंदभाऊ,” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “तुळई मोडी ऱ्हायनी. माले खाले ल्या. हळू.”

रुपचंदचा चेहरा राखेसारखा झाला. हमालांच्या पुढे जाऊन त्यानं स्वतः तार धरली आणि वीतवीतभर सोडत राहिला. जयदीप प्रेसवर चढून हात वर करून उभा राहिला. त्याच्या हाताला तिचे पाय लागले, त्यानं तिला मिठी मारून बाजूला ओढलं आणि पोत्यासकट खाली उतरवलं. ती फरशीवर बसली आणि दोन्ही तळवे फरशीवर टेकवून बसूनच राहिली.

नंतर एक सुतार शिडी लावून वर चढला. त्यानं तुळईत पटाशी खुपसली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. आत सगळं वाळवीनं पोखरलं होतं. बाहेरून मात्र रंग लावलेला.

त्यानंतर धरणगावात कोणी उडालं नाही. मोठं उड्डाण अंगणात झालं. जयदीपला फळीवर पालथं झोपवलं, मागे आभाळ रंगवलेला पडदा धरला आणि समोर पंखा लावला. मालिका लागली, तेव्हा धुळ्यात शेजारच्या घरी सगळी गल्ली टीव्हीपुढे जमली होती. बिजलीकुमारच्या पोटाखालची फळी स्पष्ट दिसत होती, आभाळाला मधोमध सुरकुती पडली होती. लोक पोट धरून हसले. मुंबईच्या वर्तमानपत्रात कोणीतरी त्या उड्डाणाची टवाळी केली, असंही कानावर आलं. थोड्याच भागांत मालिका बंद पडली. जयदीप दिल्लीला परत गेला आणि त्यानं भावाच्या दुकानात बसायला सुरुवात केली, एवढं रुपचंदकडून कळलं.

त्या दिवशी टीव्हीपुढे सगळे हसत होते, तेव्हा सुनंदाबाई पदराला तळहात पुसत होती. तोतारामनं ते पाहिलं. घरी आल्यावर त्यानं विचारलं, “तू वर व्हती, तव्हय भ्यायनी व्हती का?”

ती बँडचा कोट मशीनवर चढवत होती. तिनं बाही सुईखाली सरकवली.

“आजून भेव वाटस,” ती म्हणाली, आणि तिनं मशीनचा पायटा दाबला.