आईऐवजी गेलेली फाईल

आमच्या आईची फाईल बारामतीच्या दवाखान्यात आईपेक्षा जास्त वेळा गेली. त्यात काही वावगं आहे, हे इंदापूरच्या वकीलबाईंसमोर बसेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आई वरकुट्यात माझ्या भावाकडे असते. मी बारामतीत एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. तिला डाव्या डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं तेव्हा मीच तिला इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उजेड टाकून पाहिलं. मोतीबिंदूची सुरुवात आहे, अजून पिकला नाही, घाई नको म्हणाले आणि थेंब लिहून दिले. डॉक्टर बोलायला गोड. 'आजी, सांभाळून' म्हणत त्यांनी आईला हाताला धरून पायरी उतरवली. त्या पायरीचं कौतुक आईनं पुढे गावभर केलं.

नंतरच्या दोन तपासण्यांना आई आलीच नाही. पेरूची तोडणी चालू होती, आणि आपल्याशिवाय क्रेटमध्ये माल नीट लागत नाही असं तिचं ठाम मत. मग भावानं पेरूच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी फाईल ठेवून दिली. मी ती मार्केटपाशी घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांना दाखवून आले. आमच्याकडे असंच चालतं, पेशंट रानात आणि फाईल दवाखान्यात. फाईल दाखवून आले म्हटलं की घरातल्या सगळ्यांना हायसं वाटतं, पेशंटलासुद्धा. डॉक्टरांनी विचारलं की मी सांगायची, "तसंच आहे म्हणते." ते तेच थेंब पुन्हा लिहायचे.

मग एक दिवस आईनं चहा कपाच्या शेजारी ओतला आणि स्वतःच हसली. मला काही हसू आलं नाही. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं कळलं, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकली होती. डावा डोळा गेला, तो परत येणार नाही. उजव्यातही दाब आहे, पण थेंब चुकवले नाहीत तर तो टिकेल.

संताप संताप झाला माझा. त्या गोड बोलण्याचा तर सगळ्यात जास्त. त्याच तिरीमिरीत वकीलबाईंकडे गेले.

त्यांनी शांतपणे सांगितलं. भरपाईसाठी ग्राहक आयोगात जाता येतं, पण चूक घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. डॉक्टरांच्या वागण्याबद्दल वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. पोलिसांत जायचं तर ते आधी सरकारी डॉक्टरांचं मत मागतात. "आणि ताई, निदान चुकलं एवढ्यानं निष्काळजीपणा ठरत नाही," त्या म्हणाल्या. "काळजीनं काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरनं जे केलं असतं ते ह्यांनी केलं नाही, असं दुसऱ्या तज्ज्ञानं लेखी द्यायला पाहिजे. आधी दवाखान्यातून सगळ्या कागदांच्या नकला मागून आणा."

मी भांडायच्या तयारीनं गेले होते, तर दवाखान्यानं मुकाट्यानं नकला दिल्या. त्याचाही मला राग आला.

वकीलबाईंनी पहिलं पान दोनदा वाचलं. डोळ्याचा दाब मोजल्याची नोंदच नव्हती. "हे आपल्या कामाचं आहे," त्या म्हणाल्या. मग पान उलटलं. पुढच्या दोन्ही तारखांना लिहिलं होतं, 'नातेवाईक आले. तेच औषध चालू.'

"हे नातेवाईक कोण?"

"मी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पेशंटला घेऊन या, असं डॉक्टर म्हणाले होते का? समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार."

मला सांगता येईना. दुसऱ्या खेपेला मी दारातून निघताना ते मागून काहीतरी म्हणाले होते एवढं आठवतं. मी घड्याळ बघत 'हो हो' म्हणाले होते. कधी वाटतं, आजींना आणा असंच म्हणाले. कधी वाटतं, छे, मी धास्तावलेय म्हणून आता तसं वाटतंय. पहिल्या दिवशी दाब मोजला नाही ही चूक त्यांचीच. पण नंतर? न बघितलेल्या डोळ्याला त्यांनी औषध लिहिलं, आणि ते लिहून घेतलं मी. माझ्या रागाला धड बसायला जागा उरली नाही. तक्रारीत काय लिहायचं ते कळेना आणि पहिल्या तपासणीला दोन वर्षं भरत आली होती.

रविवारी वरकुट्याला गेले. आई ओट्यावर बसली होती. तिच्या उजव्या डोळ्यात थेंब टाकले आणि वकीलबाईंचा प्रश्न तिला सांगितला. वाटलं होतं, ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"त्यात इचार कसला करायचा?" पदरानं डोळा टिपत ती म्हणाली. "त्यानं मला आणाय सांगितलं आसतं, तर तू मला न्हेल्याबिगर ऱ्हायली आसतीस व्हय? न्हाय न्हेलंस, म्हंजी त्यानं सांगितलं न्हाय. लिही तसं. मी अंगठा देते."

मी नुसती मान हलवली. पण मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते.

"व्हय का न्हाय," ती म्हणाली, "त्वांडानं बोल की."