शेंदराखालचं चाक

त्या दुष्काळी हंगामात आमच्या सहकारी साखर कारखान्यात ऊस कमी आणि संचालक जास्त होते. ऊस पिळणाऱ्या मिलचं नवं ओतीव दातेरी चाक आलं, तेही एका संचालकाच्या मेव्हण्याच्या फाउंड्रीतून. दातांवर कडक थर चढवलाय, असं मेव्हण्याचं म्हणणं. तो खरंच किती खोल आहे, हे अल्ट्रासॉनिक यंत्रानं तपासायचं काम माझं. कडक थरातून आवाज मुकाट जातो, खालच्या मऊ धातूच्या जाड दाण्यांवर आदळला की माघारी येतो. त्याला लागलेल्या वेळेवरून खोली कळते. अट एकच, धातू उघडा पाहिजे.

मी यंत्र घेऊन गेलो, तर पूजा उरकलेली. त्याच संचालकांनी स्वतःच्या हातानं दातादाताला तेलात कालवलेला शेंदूर थापला होता. नव्या लोखंडाला हळदकुंकवाचं बोट मीही लावतो. पण हा लेप मारुतीलाही जड झाला असता.

"साहेब, हे काढावं लागेल," मी म्हणालो.

"देव झालाय त्यो आता. वरूनच लावा की यंत्र."

"मग शेंदराची खोली कळेल."

"तीच लिवा."

माझ्या थोरल्या बहिणीनं तेर गावात विहिरीच्या तळाच्या पाण्यावर ऊस कसाबसा जगवला होता. तो आधी तुटणार होता. मिल थांबली तर गाडीतच वाळणार. म्हणून जेवणाच्या सुट्टीत रॉकेलच्या बोळ्यानं मी एक दात पुसला आणि यंत्र लावलं. थर कसला, पापुद्रा. चाक नापास, असं मी अध्यक्षांना कळवलं. त्यांनी मेव्हण्याकडं पाहिलं आणि चाक चढवलं.

गाळप सुरू झालं, दात झिजले, मिल बसली. दुसरं चाक येईपर्यंत बहिणीचा ऊस फाटकाबाहेर बैलगाडीवर पाचटासारखा वाळला. संचालकांना कारण लगेच सापडलं. भरसभेत म्हणाले, "ह्यांनी देवाला राकेल लावलं. मग देव कशाला ऱ्हाईल?" सभेनं माना डोलावल्या. ज्यांचा ऊस वाळला, त्यांनीही. नंदीबैलापुढं निदान गुबुगुबु तरी वाजवावं लागतं.

मी तणतणत बहिणीकडं गेलो. चूक कुणाची, हे निदान तिला तरी कळावं. तिनं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाली, "ते समदं खरं. पर देवाला राकेल कशाला लावलंस रं?"