न फुटलेले गोळे

तेलीबागच्या भाजीबाजारात ते म्हातारे गृहस्थ रोज सकाळी दिसायचे. हातात दुधाची पिशवी, खिशात लिंबू. शेपूची जुडी नाकाशी धरून डोळे मिटायचे, ठेवून द्यायचे, दुसरी उचलायचे. त्यांचं नाव मी कधीच विचारलं नाही.

एकदा मात्र विचारलं, "रोज-रोज क्या बनाते हैं?"

घरी दूध नासवून छेना करायचा, त्यात शेपू आणि पुदिना चिरून गोळे वळायचे, रश्श्यात सोडायचे. बायकोच्या हातचा पदार्थ. ती आता अंथरुणात, सगळं विसरलेली, म्हणून हे करत. "मेरे हाथ से रोज़ टूट जाते हैं, बहनजी," ते ओशाळून म्हणाले.

मला शहाणपण शिकवल्याशिवाय राहवत नाही. "हथेली चिकनी होने तक छेना मसलिए. फिर नहीं टूटेंगे."

आठवड्याने पुन्हा भेटले. हाताला लागली ती जुडी त्यांनी न हुंगताच पिशवीत टाकली.

"अब तो नहीं टूटते?" मी विचारलं.

"एक भी नहीं." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "दिन भर में एक ही बात बोलती थीं वो. 'फिर तोड़ दिए आपने?' अब चुपचाप खा लेती हैं."

"तो पहले जैसे ही बनाइए," मी कसंबसं म्हटलं.

"कल जान-बूझकर तोड़े थे," ते म्हणाले. "तब भी कुछ नहीं बोलीं."